मसुराएवढी पेस्ट

विलासनगर, अमरावती
मंगळवार, ६ ऑगस्ट २०२४

आदरणीय देवमनदादा यांस,
धाकट्या बहिणीचा सप्रेम जयभीम.

पोचलेला माल लिहिते, ताडून पाहा. लोखंडी पेटी एक, बाजूचं झाकण सुटं. मदरबोर्ड एक, तुमच्या जुन्या लुंगीत गुंडाळलेला. प्रोसेसरवर बसवायचा पंखा एक. रॅमच्या पट्ट्या दोन. हार्ड डिस्क एक. वीज देणारा डबा, म्हणजे तुमचा तो एस.एम.पी.एस., एक. पेस्टची ट्यूब एक, करंगळीएवढी. कीबोर्ड, माऊस. स्क्रू खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत, मोजून एकोणीस.

माझा खर्च असा : पार्सल सोडवायला १९०, स्टँडवरून ऑटो ८० (तो शंभर म्हणत होता), स्क्रू पिळायला पेचकसांचा संच १२०, आणि चौकातला सायबर कॅफे बंद झाला त्याच्याकडून मॉनिटर ९००. एकूण १,२९०. तुमच्या मालाची किंमत तुम्ही लिहिली नाही, म्हणून वहीत त्या रकान्यात नुसतं 'दादा' लिहून ठेवलं.

आता तक्रार. विहाराच्या महिला मंडळाची मी या वर्षी सचिव आहे. वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर आठवड्याला सभा. आमच्या अध्यक्ष रागिणीताई म्हणतात, इतिवृत्त टाईप केलेलंच पाहिजे. बाहेर एका पानाचे पंचवीस रुपये घेतात, म्हणून तुमच्याकडे एक जुना संगणक मागितला. तुम्ही हाडं पाठवली. शेजारच्या गोदाबाई पार्सल पाहून म्हणाल्या, "ललिता, तुह्या भावाले चोळी मागतली त त्यानं सुई-दोरा पाठवला वं." तुमच्या खोलीत अख्खा ढीग पडलेला, तुम्ही टेलिफोन खात्यातून रिटायर झालेला माणूस, पंचवीस वर्षं हाच छंद. तासाभरात जोडून पाठवता आला असता. आळस केला की माझी परीक्षा घेऊन राहिले?

दुसरी तक्रार. तुमचं पत्र छापील का असतं? ह्यांनी ते विजेचं बिल समजून बिलांच्या तारेत खुपसून टाकलं, तिसऱ्या दिवशी सापडलं. बहिणीला दोन ओळी हाताने लिहायला काय होते?

कसं जोडायचं ते क्रमाने लिहा. मी दहावी पास आहे, वाचून करीन.

तुमची,
ललिता

*

कौलखेड, अकोला
१० ऑगस्ट २०२४

ललिते, जयभीम.

छापील पत्राचं कारण : प्रिंटर बसून राहिला की त्याची रिबीन सुकते. त्याला काम लागते.

जोडून न पाठवण्याचं कारण : प्रोसेसरवरचा पंखा जड असतो. अकोला ते अमरावती एस.टी.चे गचके खाऊन तो बोर्डावरून निखळला असता. सुटा माल सुखरूप पोचला, हे तूच लिहिलं.

आता तुला सांगून ठेवतो, कारण यात तू आहेस. सुगत ही खोली रिकामी कर म्हणतो. पाटीवर लिहितो, "बाबा, हे आता भंगार झालं." मी त्याला सांगितलं की याच ढिगातून आश्विन पौर्णिमेपर्यंत एक चालता संगणक उभा करून दाखवतो. झाला तर खोली, टेबल आणि ढीग माझा. नाही झाला तर भंगारवाल्याला मीच हाक मारीन. तो हो म्हणाला. तो संगणक म्हणजे तुझा. दुसरा नाही.

फोन करू नको. कानाचं तुला माहीत आहे, यंत्र लावलं की फक्त कुकरची शिट्टी ऐकू येते. सुगतच्या मोबाईलवर फोटोही पाठवू नको. तो आधी पाहील अन् आधीच हसेल. पत्रच लिही.

क्रम :
आधी नळाला हात लाव. अंगातली वीज निघून जाते. पण हात ओला करू नको.
बोर्ड पेटीत बसव. सहा स्क्रू. पिळवटून घट्ट करू नको.
रॅमच्या पट्टीच्या पिवळ्या दातांवर खोडरबर फिरव, मग खाचेत दाब. दोन्ही बाजूंनी 'कट' आवाज आला पाहिजे.
बोर्डावर बसवलेल्या प्रोसेसरच्या पाठीवर ट्यूबमधली पेस्ट लाव, मसुराच्या दाण्याएवढी. तुरीच्या नाही, मसुराच्या. त्यावर पंखा. प्रोसेसर तापतो, पेस्ट ती उष्णता पंख्याकडे पोचवते. हे काम चुकलं तर बाकी सगळं व्यर्थ.
तारा कुठे लावायच्या ते मागच्या पानावर काढलं आहे.

देवमन

*

अमरावती, १८ ऑगस्ट २०२४

आदरणीय दादा, जयभीम.

चालला.

क्रमाने सांगते. आज सकाळी वंदना झाली, पोळ्या झाल्या, आणि जेवणाच्या टेबलावर जुनी चादर टाकून बसले. हे समोर खुर्चीवर तुमचं पत्र घेऊन, पाटबंधारे खात्यात फाईल वाचायचे त्याच आवाजात. "मुद्दा क्रमांक एक. नळास हात लावणे." मी न्हाणीत जाऊन नळाला हात लावून आले तर म्हणतात, "ओला आहे काय पाहू." कोरडा होता. तरी दुसऱ्यांदा पाठवलं.

बोर्डाचे सहा स्क्रू बसले, त्याच मापाचा सातवा कुठला ते कळलं नाही, बाटलीत ठेवला आहे. खोडरबर तीन रुपयाचं घेतलं. पट्ट्या दाबताना 'कट' झालं तेव्हा मला वाटलं मोडलं, ह्यांना वाटलं माझं बोट मोडलं. पंख्याखालचं कामही उरकलं. मसुराएवढंच. तारांचं तुमचं चित्र चांगलं होतं, पण लाल तार तुम्ही काळ्या रिबिनीत काढली, त्यात अर्धा तास गेला.

बटण दाबलं. पहिल्यांदा काही नाही. ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "कार्यवाही प्रलंबित." मग लक्षात आलं, मागची बारकी कळ बंदच होती. ती दाबली अन् पंखा फिरला, दिवा लागला, आणि पडद्यावर अक्षरं आली. गोदाबाई खिडकीतून पाहत होत्या. म्हणाल्या, "आता यावर सिरियल दिसन काय?" मी म्हटलं, इतिवृत्त दिसेल. त्या गेल्या.

मी त्याच्यापुढे उदबत्ती लावायला आणली, ह्यांनी हातातून घेऊन बुद्धमूर्तीपुढे नेऊन लावली. म्हणाले धूर आत जाईल. खरं म्हणजे त्यांचंच बरोबर होतं.

दादा, वीस वर्षांत मला स्वतःच्या हाताने काही नवीन केल्यासारखं वाटलं नव्हतं. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

ललिता

*

अकोला, २३ ऑगस्ट २०२४

ललिते,

तुझं पत्र सुगतच्या ताटाजवळ ठेवलं. त्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि पाटीवर लिहिलं : 'चांगलं आहे. पौर्णिमेपर्यंत चालू दे.' पोरगा सरकारी ऑडिटरसारखा वागतो.

रोज दोन तास चालव. सातवा स्क्रू कुठलाच नाही, मी जास्तीचा टाकला होता.

सूनबाईने आज पुरण केलं. कारण विचारलं तर म्हणाली सहज.

देवमन

*

अमरावती, ५ सप्टेंबर २०२४

आदरणीय दादा, जयभीम.

रागावू नका. तो दहा मिनिटांनी बंद पडतो.

आधी वाटलं वीज गेली. पण घरातला पंखा फिरतच होता. आठवड्याभरापासून हेच. बटण दाबलं की लागतो, छान लागतो, आणि दहाव्या मिनिटाला डोळे मिटतो. इतिवृत्तात 'सभेची सुरुवात बुद्धवंदनेने झाली' हे वाक्य मी अकरा वेळा लिहिलं. पुढे सभा सरकतच नाही. काल रागिणीताई येऊन बसल्या, त्यांच्यासमोर बारावी सुरुवात झाली. त्या म्हणाल्या, "ललिताताई, आपण एवढी वंदना करतो ते बरंच आहे, पण ठराव केव्हा येईल?"

बाकी ठीक. पाऊस फार आहे, घरात मुंग्या झाल्या आहेत, टेबलाच्या पायांशी हळद टाकली.

काय करू ते कळवा. सुगतला सध्या काही सांगू नका.

ललिता

*

अकोला, ९ सप्टेंबर २०२४

ललिते,

घाबरू नको. एक एक कारण काढून टाकायचं, उरेल तो गुन्हेगार. टेलिफोनच्या लाईनीतला बिघाड आम्ही असाच शोधायचो, मूर्तिजापूरकडून एक खांब, एक खांब करत.

१. प्रोसेसरवरचा पंखा फिरतो का?
२. दुसरा एस.एम.पी.एस. सोबत पाठवत आहे. तो लावून पाहा.
३. रॅमची एक पट्टी काढून चालव, मग दुसरी.
४. पेस्ट कशी लावली ते मला नीट लिही. दहा मिनिटांत बंद पडणं म्हणजे बहुतेक उष्णता. पेस्ट बरोबर असेल तरच मी पुढचा विचार करीन. म्हणून या प्रश्नाचं उत्तर पहिलं दे.

सुगतला सांगितलं नाही. तो विचारतो, मी ऐकू आलं नाही असं करतो. या कामी कान उपयोगी पडतात.

देवमन

*

अमरावती, १७ सप्टेंबर २०२४

आदरणीय दादा, जयभीम.

पार्सल पोचलं. एस.एम.पी.एस. दुसरा, एक. सोडवायला १९०, ऑटो ८०. या वेळी ऑटोवाल्याने स्वतःच ऐंशी म्हटले, ओळख झाली.

पंखा फिरतो. डबा बदलला, फरक नाही. पट्ट्या आलटून पालटून लावल्या, फरक नाही. पेस्ट तुम्ही सांगितल्याप्रमाणे लावली आहे.

आता दादा, स्पष्ट लिहिते. मी बाईमाणूस, पोळ्या लाटून उरलेल्या वेळात हे करते. तुम्ही तिकडे तुमच्या टेबलावर जोडून, चालवून, पाहून पाठवलं असतं तर ही वेळ आली नसती. बोर्ड वाईट आहे की चांगला हे तुम्हाला तिथेच कळलं असतं. दीड महिना पत्रं पाठवण्यापेक्षा एक दिवस पेचकस हातात घेतला असता तर तुमचंही काम झालं असतं. लहान तोंडी मोठा घास घेतला, माफ करा.

ललिता

*

कौलखेड, अकोला
३० सप्टेंबर २०२४

ती. ललिताआत्या यांना सूनबाई मायाचा जयभीम.

हे पत्र बाबांना न विचारता लिहीत आहे. तुमचं मागचं पत्र त्यांनी टेबलावर उघडं ठेवलं होतं, म्हणून वाचलं. त्याचीही माफी मागते.

आत्या, बाबांचे हात कापतात. दोन वर्षं झाली. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, पण बारीक काम होत नाही. स्क्रू भोकात बसवायला गेले की तो घरंगळत खाटेखाली जातो, मग मी शोधून देते. सही करता येत नाही म्हणून पत्र छापतात. एका बोटाने एक एक अक्षर दाबतात, तुमच्या एका पत्राला त्यांना दोन दिवस लागतात. तुम्हाला हे सांगायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद आहे. पण तुम्ही पेचकसाबद्दल लिहिलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत.

ह्यांना खोली नको आहे, आत्या. गेल्या उन्हाळ्यात तारांना डाग द्यायची, म्हणजे सोल्डरिंगची, गरम इस्तरी बाबांच्या हातातून निसटली, तळहात भाजला आणि चादर पेटली. मी घरी होते म्हणून निभावलं. तेव्हापासून ह्यांनी खोली रिकामी करायचं काढलं. पण बापाला 'तुमचा हात कापतो' असं पाटीवर लिहून कसं दाखवायचं? म्हणून भंगाराचं निमित्त करतात.

तुमचं पत्र आलं की बाबा ढिगातला दुसरा बोर्ड पुढ्यात घेतात आणि तुम्ही जे केलं ते बोट ठेवून ठेवून पाहतात. इतक्या दिवसांत मी त्यांना एवढं खुशीत पाहिलं नव्हतं.

काय करायचं ते तुम्ही ठरवा.

तुमची,
माया

*

अकोला, १ ऑक्टोबर २०२४

ललिते,

तू लिहिलं ते खरं आहे. मी आधी पाहून पाठवायला हवं होतं.

पंखा चांगला, डबा चांगला, रॅम चांगली, पेस्ट बरोबर. मग उरला बोर्ड. तो माझ्या ढिगातला सर्वांत चांगला होता. तोच मेलेला असेल तर बाकीचे काय असतील ते कळतंच. सुगत म्हणतो ते बरोबर. माल भंगार आहे, मला मात्र तो तसा दिसला नाही.

शब्द दिला होता. पौर्णिमेची वाट पाहण्यात अर्थ नाही. येत्या रविवारी, ६ तारखेला, भंगारवाल्याला बोलावलं आहे. तुझ्याकडची पेटीही तिकडे देऊन टाक, लोखंडाचे काही येतील. तुझे झालेले पैसे मी पाठवतो.

तुला त्रास दिला.

देवमन

*

अकोला, ९ ऑक्टोबर २०२४

ललिते, जयभीम.

तू गेलीस त्याला तीन दिवस झाले. बोलायला वेळच मिळाला नाही, आणि मिळाला असता तरी मला ऐकू आलं नसतं.

माझा हात तू पाहिलाच. बशीतला चहा माझ्या धोतरावर सांडला तेव्हा तू खिडकीबाहेर पाहत बसलीस. तुझं खिडकीबाहेर पाहणं मला कळलं. तर आता त्यावर लपवण्यासारखं काही उरलं नाही. पत्र छापील असतं ते रिबिनीसाठी नाही.

आता मुद्दा. रविवारी मी ओट्यावर होतो. तू फाटकातून साडीत बांधलेली पेटी घेऊन आलीस, ती खाली ठेवली आणि भंगाराच्या पोत्यावर जाऊन बसलीस. मग तुम्ही सगळे बोलत राहिलात. मला नुसते ओठ दिसत होते. मला वाटलं भावाची घासाघीस चालू आहे. मग भंगारवाला हसला, माया पदर तोंडाला लावून आत गेली, आणि सुगतने डोळे पुसले. घासाघिशीत कोणी डोळे पुसत नाही.

घरात विचारलं तर सुगत पाटीवर लिहितो, 'काही नाही, बाबा. आत्याने गंमत सांगितली.' त्यानंतर त्याने माझ्या टेबलाशी बसून तुझी पेटी उघडली ते मी पाहिलंच. पण आधी काय झालं ते मला कोणी सांगत नाही. तू सांगशील. सगळं लिही, कोण काय बोललं ते त्याच्याच शब्दांत.

देवमन

*

विलासनगर, अमरावती
रविवार, २० ऑक्टोबर २०२४

आदरणीय देवमनदादा यांस सप्रेम जयभीम.

उशीर झाला. पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती होती, मंडळाकडे दीडशे माणसांच्या खिरीचं काम होतं. आता सविस्तर लिहिते.

भंगारवाल्याला बोलावल्याचं तुमचं पत्र मला त्या शुक्रवारी मिळालं. लगेच सुगतला फोन केला. तो म्हणाला, "आत्या, बाबांनीच बोलावलं त्याले. मी काय करू?" मी त्याला काही सांगितलं नाही. जे सांगायचं होतं ते तुम्हालाच आधी सांगणं भाग होतं, आणि तुम्ही फोनवर येत नाही. म्हणून पेटी साडीत बांधली आणि रविवारी सकाळच्या एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "काकू, सामानाचं तिकीट लागन." मी म्हटलं, मांडीवरच्या लेकराला लागत नाही. त्याने सोडून दिलं.

फाटकाशी आले तेव्हा भंगारवाल्याची पहिली खेप निघून गेली होती. दोन पोती गेली होती, दादा. तिसरं तोलाला काढत होता. मी सरळ जाऊन त्याच्यावर बसले.

तो म्हणाला, "बाई, उठा. तोलाचं हाय."

मी म्हटलं, "नाही उठत."

"मंग तुमाले धरूनच तोलू काय? भाव तोच लागन."

सुगत धावत आला. "आत्या, काय करून राहिली तू? बाबांनी सोताच सांगतलं ना."

मी म्हटलं, "तुह्या बाबाले खोटं सांगतलं म्हणून त्यानं बोलावला."

"कोणं सांगतलं खोटं?"

"म्या."

मग मी जे सांगितलं ते तुम्हाला लिहिते. तुमच्या ट्यूबमधून पेस्ट निघालीच नाही. टाचणीने टोचली तर खडूच्या भुकटीसारखी भुरभुर पडली. जुनी होऊन सुकली होती. दुकानात विचारलं, नवीन दीडशेला म्हणाला. मी विचार केला, दादांनी लिहिलं की पेस्टने उष्णता पोचते. तव्यावर तूप लावलं की पोळीला उष्णता सगळीकडे सारखी पोचते. म्हणून मी मसुराएवढं तूप लावलं.

सुगत म्हणाला, "तूप?"

मी म्हटलं, "साजूक."

"प्रोसेसरले?"

"मसुराएवढंच."

इथे भंगारवाल्याने विचारलं, "गाईचं का म्हशीचं?" आणि तो हसला ते तुम्ही पाहिलं. माया तेव्हाच आत गेली.

पुढचं हसण्यासारखं नाही. तुम्ही पत्रात पेस्टचं विचारलं तेव्हा मला खरं लिहिता आलं असतं. लिहिलं नाही. दीडशे रुपये वाचवल्याची लाज वाटली हे एक. दुसरं असं की तुमची ट्यूब शिळी निघाली असं लिहिलं तर सुगत म्हणतो तेच मी म्हटल्यासारखं होईल, असं वाटलं. म्हणून लिहिलं, सांगितल्याप्रमाणे लावली. रोज सकाळी हात जोडून 'मुसावादा वेरमणी' म्हणते, खोटं बोलणार नाही म्हणून, आणि त्याच हाताने हे लिहिलं. तुम्ही माझ्या त्या एका ओळीवर विश्वास ठेवून स्वतःचा ढीग खोटा ठरवला. दोन पोती त्यात गेली. ती मला भरून देता येत नाहीत. माफी मागते, पण माफी पोत्यात भरता येत नाही हे मला कळतं.

हे मी अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं. मग सुगतला म्हटलं, "आता तूच सांग, बाबाचा माल भंगार हाय की नाही ते. पेटी उघडून पाय."

तो पेटीशी खाली बसला. मग जे बोलला ते तुम्हाला ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "आत्या, मले खोली नाही पायजे. मालही वाईट नाही, मले माईत आहे. लहानपणी याच टेबलाखाली बसून मी रेडिओ उघडले. मले त्याहिचा हात भाजलेला पाहवत नाही. एक दिवस मी ऑफिसात राहीन, माया बाजारात जाईन, अन् घरी येऊन पाहू त..." एवढ्यावर थांबला. त्याच वेळी तुम्ही त्याला डोळे पुसताना पाहिलं. गंमत कोणी सांगितली नव्हती.

भंगारवाला शहाणा माणूस. म्हणाला, "भाऊ, मी जातो. बाई उठली की फोन करजा."

त्यापुढचं तुमच्यासमोर झालं. तरी माझ्या बाजूने लिहिते. सुगत तुमच्या खुर्चीवर बसला, तुम्ही त्याच्या मागे उभे. पंखा निघाला आणि त्याखाली तुपात चिकटून मेलेल्या मुंग्या, मोहरी सांडल्यासारख्या. मला तेव्हा जमिनीत जावंसं वाटलं. त्या मुंग्यांचं पापही माझ्याच खाती. सुगत एक तार चुकीची ओढत होता तर तुम्ही त्याच्या खांद्यावर काठी ठोकली, आणि हा पंचेचाळीस वर्षांचा माणूस "हो जी, हो जी" म्हणत होता. मायाने चौकातल्या मोबाईलवाल्याकडून एकशे वीसची पेस्ट आणली. मी देऊ केले, तिने घेतले नाहीत. वहीत त्या रकान्यात 'माया' लिहिलं आहे.

एकच्या सुमारास बटण दाबलं, चारच्या गाडीपर्यंत चालला. तेव्हा सुगतने पाटीवर काय लिहिलं ते तुम्ही मला दाखवलं नाही, खिशात घातलं असतं जर पाटी खिशात मावली असती. मायाने फोनवर सांगितलं. खोली तुमची, टेबल तुमचं, फक्त डाग द्यायची इस्तरी तो घरी असतानाच लावायची. दादा, ही अट मान्य करा. बापाच्या जिवाला भिणाऱ्या पोराची अट आहे, ऑडिटरची नाही.

इकडे संगणक रोज चालतो. पौर्णिमेला मंडळाचं इतिवृत्त वाचलं, तेरा सभा, सगळे ठराव. शेवटी रागिणीताईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की ललिताताईंनी हा संगणक स्वतः जोडला. मी उठून सांगितलं की जोडला माझ्या हाताने, पण सांगणारा माझा भाऊ अकोल्यात आहे. तूपही सांगितलं. लपवण्याचा आता कंटाळा आला आहे. दीडशे माणसं खिरीच्या वाट्या घेऊन हसली, गोदाबाई सर्वांत मोठ्याने.

त्यावरून एक काम निघालं आहे. रागिणीताईंच्या घरी एक संगणक चार वर्षांपासून चादरीखाली बंद पडून आहे. परवा त्यांनी तो माझ्याकडे आणून ठेवला. मी उघडला. धूळ काढली, खोडरबर फिरवलं, नवी पेस्ट लावली (खरी, पावती आहे). लागत नाही. बोर्डावर उभ्या डब्यांसारखी बारीक नळकांडी आहेत, त्यातल्या तिघांची डोकी तळलेल्या पुरीसारखी वर फुगली आहेत. बाकीच्यांची सपाट आहेत. हाच रोग काय? असेल तर ती काढायची कशी, नवी कुठली बसवायची, काही कळत नाही. तुमचं मन राखायला विचारत नाही, दादा. मी खरंच अडले आहे.

हे पत्राने होणार नाही. चार पत्रं जातील आणि मी पुन्हा काहीतरी घरगुती लावून बसेन. तुम्हीच या. पंचाहत्तरीच्या वर एस.टी.ला तिकीट नाही, सुगत गाडीत बसवून देईल, इकडे हे स्टँडवर उभे राहतील. दोन वर्षांत तुम्ही कोणाच्या घरी गेला नाहीत, हे आता माझ्या लक्षात आलं. मला वाटायचं अमरावतीची तुम्हाला आठवण राहिली नाही. इथे बशी मिळणार नाही. मोठ्या पेल्यात अर्धा चहा देईन, आणि सांडला तर फरशी आहे, पुसता येते. खुर्ची टेबलाशी लावून ठेवते. तुम्ही बसायचं, बोट दाखवायचं, मी चुकले की काठी ठोकायची.

पेटी उघडीच ठेवली आहे, वर स्वच्छ फडकं टाकून. मुंग्यांच्या आधी पोचायला पाहिजे. कोणत्या दिवशी आणि कोणत्या गाडीने निघता, तेवढं उलट टपाली कळवा.

तुमची धाकटी बहीण,
ललिता